विटा शाबूत, पेठ ओस

इंग्लंडमधल्या एखाद्या गावाच्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या मुख्य बाजारपेठेत, दुकानाची जागा रिकामी पडली की मालकाला करात तीन महिन्यांची सूट मिळते. त्यानंतर भाडेकरू असो वा नसो, बिझनेस रेट्स, म्हणजे धंद्याच्या जागेवरचा कर, पूर्ण भरावा लागतो. अगदी किरकोळ जागा तेवढ्या यातून सुटतात. 2008 सालापासूनच्या या नियमामागचा हेतू उघड आहे: जागा अडवून बसू नका, भाडं उतरवा, कुणाला तरी द्या. पण तीच जागा लिस्टेड इमारतीत असेल, सरकारनं वारसा म्हणून यादीत घातलेली असेल, तर रिकामेपणाचा कर शून्य. आणि हा शून्य पुन्हा कुणी जागा वापरायला घेईपर्यंत चालतो. दहा वर्षं कुलूप लागलेलं राहिलं तरी शून्यच.

ज्या इमारती जपायच्या असं देशानं ठरवलं, नेमक्या त्याच बंद ठेवणं सगळ्यांत स्वस्त पडतं, असा याचा अर्थ. जुन्या विटांच्या इमारतींची चर्चा निघाली की बांधकाम व्यावसायिक लिस्टिंगच्या कायद्याला शिव्या घालतात आणि वारसाप्रेमी मालकांच्या हावरटपणाला. माझ्या मते आजार म्हशीला आणि डाग पखालीला, असा हा प्रकार आहे. इंग्लंडचा वारसा कायदा एकंदरीत चांगला आहे. बिघडलंय ते त्याच्या शेजारचं करांचं गणित, आणि ते बदलल्याशिवाय या पेठा सावरणार नाहीत.

हे पटायचं तर आधी या विटा तिथं आल्या कशा ते पाहायला हवं. इंग्लंडच्या गावांमधली घरं शतकानुशतकं लाकडी सांगाड्याची होती. लंडन 1666 मध्ये जळालं आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला की नवी बांधणी वीट किंवा दगडाचीच हवी. मग इतर गावंही आपापल्या आगीतून तोच धडा शिकत गेली. डोरसेट परगण्यातलं ब्लँडफर्ड फोरम हे त्यातलं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण. 4 जून 1731 रोजी मेणबत्त्या करणाऱ्या एका कारागिराच्या घरात आग लागली आणि बघता बघता बहुतेक सगळं गाव खाक झालं. वर्षभरात पार्लमेंटनं पुनर्बांधणीचा कायदा केला. जॉन आणि विल्यम बास्टर्ड या स्थानिक बांधकाम करणाऱ्या भावांनी पुढच्या काही दशकांत गाव पुन्हा उभं केलं. चर्च, टाउन हॉल, खाणावळी, व्यापाऱ्यांची घरं, सगळं एकाच पिढीतलं. म्हणून ब्लँडफर्डची मार्केट प्लेस आजही एका दमात बोललेल्या वाक्यासारखी वाटते. चर्चला लागून 1760 मध्ये जॉननं एक छोटा दगडी मंडप बांधला, आगीची आठवण म्हणून. त्यात पाण्याचा पंप बसवला आणि वर कोरून ठेवलं की पुढं आग लागली तर वेळेवर पाणी मिळावं म्हणून ही सोय. स्मारकाचा उपयोगही व्हायला हवा, हे त्या गवंडीकाम जाणणाऱ्या माणसाला अठराव्या शतकात कळत होतं.

ब्लँडफर्डसारखं सलग गाव विरळा. बहुतेक हाय स्ट्रीटवर वीट हे नुसतं तोंड असतं. मागं जुना लाकडी सांगाडा तसाच, छप्पर तसंच, जमीन एका बाजूला कललेली, आणि रस्त्याकडे मात्र अठराव्या शतकातली टापटीप विटांची भिंत. फॅशन बदलली, पैसा आला, की दुकानदार पुढची भिंत नवी करून घ्यायचा. सरे परगण्यातल्या फार्नहॅमची वेस्ट स्ट्रीट पाहावी. तिथलं विल्मर हाउस 1718 सालचं, हॉप्स, म्हणजे बियरमध्ये घालायची फुलं, विकून गब्बर झालेल्या व्यापाऱ्याचं. त्याची दर्शनी भिंत म्हणजे वीट कापण्या-घासण्यात गवंड्याचा हात कुठवर जाऊ शकतो याचा जाहीर नमुना. आज त्यात गावाचं संग्रहालय आहे.

या भिंतींवर कराचा हातही पहिल्यापासून दिसतो. 1784 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानं रिकामी झालेली तिजोरी भरायला विटांवर कर आला, तो नगावर. लेस्टरशायरमधल्या मीशमच्या जोसेफ विल्क्सनं लगेच दुपटीच्या आकाराच्या विटा पाडायला सुरुवात केली. सरकारला ही पळवाट बुजवायला 1803 उजाडलं; मोठ्या विटेवर दुप्पट कर बसला. विटांवरचा कर 1850 मध्ये उठला, पण त्या अगडबंब विटा अजून मीशमच्या भिंतींत आहेत. खिडक्यांवरचा कर तर 1696 पासून 1851 पर्यंत चालला आणि लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. (बुजवलेली दिसणारी प्रत्येक खिडकी कराची नव्हे. कित्येक ठिकाणी दर्शनी भाग सारखा दिसावा म्हणून पहिल्यापासूनच खोटी खिडकी ठेवलेली असे. पण गाइड मंडळींना करचुकवेगिरीची गोष्ट सांगायला जास्त आवडते.) माणसं बांधतात कशी, बुजवतात काय, सोडून देतात काय, हे कर ठरवतो, आणि ते भिंतीत कायमचं उमटतं. आजच्या करांची खूण म्हणजे पहिल्या मजल्यावरची काळवंडलेली, कबुतरांनी भरलेली खोली.

वीट जुनी असेल तर ती जपण्याचंही एक शास्त्र आहे आणि कायदा कशासाठी लागतो ते तिथं कळतं. हातानं थापलेली, लाकूड-कोळशावर भाजलेली वीट आतून मऊ असते. तिची जोडणी चुन्यात केलेली असते, आणि चुना विटेहून मऊ. पावसाचं पाणी भिंतीत शिरतं आणि दरजांतल्या चुन्यातून हळूहळू बाहेर पडतं. शंभरेक वर्षांनी चुना झिजला की खरवडून पुन्हा भरायचा, वीट सुखरूप. विसाव्या शतकात सिमेंट स्वस्त आणि सोपं झालं आणि गावोगावच्या कंत्राटदारांनी दरजा सिमेंटनं भरून टाकल्या. सिमेंट पाणी सोडत नाही. मग ओल बाहेर पडायला विटेचा चेहराच उरतो. तिथं क्षार साठून लोणा लागतो, हिवाळ्यात आतलं पाणी गोठून फुगतं आणि विटेचे पोपडे निघू लागतात. अशी भिंत जवळून पाहिली तर चमत्कारिक दिसते: सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढं उभ्या आणि विटा मात्र आत आत खात गेलेल्या. दुरुस्तीनंच मारलेली भिंत. चुन्यात काम करणारा गवंडी शोधायचा, त्याला लागेल तेवढा वेळ द्यायचा, कडाक्याच्या थंडीत काम थांबवायचं, म्हणजे खर्च वाढतोच. जुन्या इमारतीच्या मालकाची तक्रार खोटी नाही.

आता कायदा. आजची यादी 1947 च्या नगररचना कायद्यातून आली आणि सध्या 1990 च्या कायद्यानं चालते. मूळ स्थितीच्या जवळपास उरलेली 1700 पूर्वीची जवळजवळ प्रत्येक इमारत, आणि 1700 ते 1850 या काळातल्या बहुतेक इमारती यादीत येतात. पुढच्या काळाच्या निवडून निवडून. श्रेणी तीन: एक, दोन-तारांकित आणि दोन. नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदी शेवटच्या श्रेणीतल्या. हाय स्ट्रीटवरचं औषधांचं दुकान, बँकेची बंद पडलेली शाखा, पब, हे सगळं साधारण याच श्रेणीत सापडतं. पुष्कळांना वाटतं की फक्त दर्शनी भिंत लिस्टेड असते. तसं नाही. अख्खी इमारत, आतला जिना, मागचं जुनं शेड, सगळं त्यात येतं. परवानगीशिवाय तिचं रूप बिघडवणारा फेरफार केला तर तो फौजदारी गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद, दंडाला मर्यादा नाही.

तिथल्या नगररचनेच्या कायद्याला दात आहेत हे कार्ल्टन टॅव्हर्ननं दाखवून दिलं. लंडनच्या मेडा व्हेल भागातला हा 1920-21 मधला विटांचा पब. तो लिस्टेड व्हायच्या बेतात असताना 2015 च्या एप्रिलमध्ये विकासकानं परवानगी न घेता बुलडोझर लावला. रहिवासी पेटून उठले, वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, हुकूम काढला की होता तसाच पुन्हा बांधा, आणि अपिलातही तो टिकला. ढिगाऱ्यातल्या विटा, टाइल्स निवडून, जुनी छायाचित्रं समोर ठेवून पब उभा राहिला आणि 2021 मध्ये पुन्हा उघडला. मला हे प्रकरण मनापासून आवडतं. पण त्यातून निघणारा धडा वारसाप्रेमी अर्धाच सांगतात. रातोरात पाडणाऱ्याला कायदा पकडतो. वीस वर्षांत हळूहळू पडू देणाऱ्याला तो क्वचितच पकडतो.

कारण लिस्टिंग मालकाला फार तर मनाई करतं. डागडुजी करत राहा अशी सक्ती ते सहसा करत नाही. पन्हाळ तुंबली, वरच्या कठड्यात बडलियाचं जांभळं झुडूप उगवलं, पाणी भिंतीत मुरू लागलं, तरी मालकानं काही न करणं हा गुन्हा नव्हे. कौन्सिल तातडीच्या कामाची नोटीस काढू शकते, स्वतः काम करून खर्च वसूल करू शकते. दुरुस्तीची नोटीस काढून पुढं सक्तीनं इमारत ताब्यातही घेऊ शकते, आणि मालकानं मुद्दाम दुर्लक्ष केल्याचं सिद्ध झालं तर किमान भरपाई देऊन. कागदावर झकास. प्रत्यक्षात कौन्सिलांकडे वारसा अधिकारी कमी झालेत, वकिलांचा खर्च परवडत नाही, आणि ताब्यात घेतलेली इमारत शेवटी आपल्याच गळ्यात पडेल ही धास्ती. शिवाय हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी वारसा संस्था धोक्यातल्या वारशाची जी यादी दरवर्षी काढते, तीत लंडनबाहेरच्या शेवटच्या श्रेणीच्या इमारती, प्रार्थनास्थळं वगळता, घेतलेल्याच नाहीत. म्हणजे गावोगावच्या पेठांमधली झिजणारी विटांची दुकानं देशाच्या हिशेबात धरलेलीच नाहीत.

त्यात व्हॅटची भर. इंग्लंडमध्ये नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य टक्के. जुनं घर दुरुस्त केलं तर 20 टक्के. व्हॅटची नोंदणी असलेला व्यापारी दुकानाच्या दुरुस्तीवरचा कर बहुतेक वेळा वळता करून घेतो. पण दुकानाच्या वर राहणारा, किंवा वरची खोली राहायला भाड्यानं देणारा, तो परत मिळवू शकत नाही. 2012 पर्यंत लिस्टेड घरांत मंजुरीनं केलेल्या फेरफारावर शून्य दर होता आणि दुरुस्तीवर पूर्ण, म्हणजे जपण्यापेक्षा बदलणं स्वस्त. हा वेडेपणा होता हे खरं. तो काढताना सरकारनं दुरुस्ती स्वस्त केली नाही, फेरफारही महाग केला आणि हिशेब जुळवला. आता सवलतीचा 5 टक्के दर मिळतो तो कुणाला? घर दोन वर्षं किंवा जास्त रिकामं असेल तर नूतनीकरणाला. दुकानाची जागा घरात बदलायची असेल तरी 5 टक्के, हे योग्यच. पण आधीपासून राहत्या घराचं छप्पर वेळेवर शाकारणाऱ्याला पूर्ण 20. बिझनेस रेट्स असो की व्हॅट, सवलत रिकामेपणाला आणि भुर्दंड वापराला.

वरच्या मजल्यांचं दुखणं तर हाय स्ट्रीटवर फिरताना मान वर केली की दिसतं. खाली दिव्यांनी लखलखणारं दुकान, वर धुळीनं माखलेल्या काचा. पूर्वी दुकानदार कुटुंबासकट वर राहायचा. रस्त्यावरून वर जाणारं स्वतंत्र दार आणि अरुंद जिना असायचा. मग साखळी दुकानं आली. त्यांना रुंद काच हवी होती, म्हणून ते दार काढलं, कित्येक ठिकाणी जिन्याचा खालचा भाग तोडला. वर जायचं तर दुकानाच्या गोदामातून. अशा जागेत कोण राहणार? त्या साखळ्यांचं पुढं काय झालं ते सगळ्यांसमोर आहे. वूलवर्थ्सनं 2009 च्या जानेवारीत शेवटचं दार लावलं, बीएचएस 2016 मध्ये गेलं, डेबेनहॅम्सची दुकानं 2021 मध्ये आणि विल्कोची 2023 मध्ये बंद झाली. दार आणि जिना मात्र परत आलेला नाही. माझ्या मते लिस्टेड इमारतीत तो जिना पुन्हा बसवायला कौन्सिलनं खुशीनं परवानगी द्यावी, 1970 सालच्या दुकानाची काच त्यासाठी थोडी अरुंद झाली तरी. वारसा अधिकारी इथं कधीकधी नको तितके कडक होतात. दरजात चुना की सिमेंट यावर तसूभरही सूट देऊ नये. आतल्या पार्टिशनवर, स्वयंपाकघर कुठं यावर, मागच्या खिडकीला दुहेरी काच हवी का यावर हात जरा सैल सोडावा. 1709 च्या लंडनच्या कायद्यानं खिडकीची चौकट आगीच्या भीतीनं भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत ढकलली होती. तिथले नियम नेहमीच काळाच्या गरजेनुसार बदलत आलेत.

सरकार काहीच करत नाही असं नाही. 2020 ते 2024 या काळात हिस्टॉरिक इंग्लंडच्या योजनेतून साठहून अधिक हाय स्ट्रीटवर मिळून 9.5 कोटी पौंडांची तरतूद झाली. दर्शनी भाग दुरुस्त झाले, काही ठिकाणी वरच्या मजल्यावर घरं झाली. पण अनुदान संपतं आणि कर राहतो. दुसरा उपाय जास्त धीट आहे. 2024 च्या डिसेंबरपासून कौन्सिलला अधिकार मिळाला की दोन वर्षांतले 365 हून अधिक दिवस बंद असलेल्या दुकानाचा भाडेपट्टा मालकाच्या डोक्यावरून लिलावात काढायचा, एक ते पाच वर्षांसाठी. हे मला मान्य आहे. मात्र एका हातानं लिलावाचा बडगा आणि दुसऱ्या हातानं लिस्टेड इमारत रिकामी ठेवल्याबद्दल करमाफी, ही सर्कस किती दिवस चालवणार?

करमाफीच्या बाजूनं एक युक्तिवाद मात्र गंभीर आहे. 2008 मध्ये रिकाम्या जागांवर पूर्ण कर लागला तेव्हा काही मालकांनी साध्या, लिस्टेड नसलेल्या इमारतींची छपरंच उतरवून टाकली, म्हणजे ती जागा वापरायोग्य राहत नाही आणि कर टळतो. लिस्टेड इमारतींवर ही पाळी येऊ नये म्हणून माफी हवी, असं म्हणतात. शिवाय जुनी इमारत भाड्यानं जायला वेळ लागतो, परवानग्यांत महिने जातात, हेही खरं. म्हणून माफी सरसकट काढा असं मी म्हणत नाही. तिला अट घाला. दुरुस्तीची परवानगी घेतली आहे आणि काम चालू आहे तोवर माफी, समजा तीन वर्षं. पन्हाळ साफ, छप्पर गळत नाही, याचा दरवर्षी दाखला. तीन वर्षांनीही कुलूप असेल तर इतरांसारखा पूर्ण कर, आणि तो पैसा त्याच गावच्या दुरुस्तीच्या निधीत. सोबत राहत्या जुन्या घरांच्या दुरुस्तीवर 5 टक्के व्हॅट. तिजोरीला खड्डा पडेल, मान्य. पण नव्या घरावर शून्य दर ठेवणाऱ्या सरकारनं पैसे नाहीत ही सबब सांगू नये.

मुंबईकर वाचकाला यात ओळखीचं पुष्कळ दिसेल. 1995 मध्ये मुंबईत वारसा नियमावली आली, तीतही एक, दोन, तीन अशा श्रेणी. गंमत म्हणजे ज्या 1947 मध्ये इंग्लंडनं यादीचा कायदा केला, त्याच वर्षीच्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यानं इथल्या भाड्यांवर टाच आणली. तिथं रिकामं ठेवणं फायद्याचं झालं, इथं भरलेली इमारत दुरुस्त करणं तोट्याचं. इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून 1860 च्या दशकात उभारलेलं वॉटसन्स हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन, यादीत असूनही इतकं खिळखिळं झालं की 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं रिकामं करावं लागलं. निदान मुंबईच्या नियमावलीत, वाढीव बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या वारसा-मालकाला तो हक्क टीडीआरच्या, म्हणजे हस्तांतर करता येणाऱ्या बांधकाम-हक्काच्या, रूपानं दुसरीकडे विकायची सोय तरी होती. तिचा व्हायचा तसा वापर झाला की नाही हा वेगळा विषय. मालकाच्या खिशाचा विचार केल्याशिवाय भिंत टिकत नाही, हे मात्र त्या नियमात धरलेलं होतं.

आणि वापर हाच खरा वाद असतो, हे तर महाराष्ट्र सरकारनं लंडनमध्ये स्वतः अनुभवलंय. डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर राज्य सरकारनं 2015 मध्ये विकत घेतलं आणि तिथं संग्रहालय केलं. घराचं संग्रहालय करायची परवानगी आधी घेतली नव्हती. शेजाऱ्यांनी तक्रार केली, कॅम्डेन कौन्सिलनं नकार दिला, जाहीर चौकशी झाली आणि 2020 च्या मार्चमध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली. पाच वर्षांचा खटाटोप एवढ्यासाठी की निवासी घरात लोकांनी येऊन पाहायचं की नाही. त्याच देशात हाय स्ट्रीटवरचं लिस्टेड दुकान पाच वर्षं बंद ठेवायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, कुणी चौकशी बसवत नाही, आणि वर कर माफ.